पटावरील राज्य आणि फौजेचे पोट

बुद्धिबळाच्या पटावरील घोडा दाणावैरण मागत नाही. हत्तीला माहूत लागत नाही, उंटाला पाणी लागत नाही आणि आठ प्यादी डाव संपेपर्यंत जागच्या जागी उभी राहिली तरी त्यांचा पगार थकत नाही. डाव मांडला की दोन्ही बाजूंची सोळा सोळा मोहरी तयार असतात. ती कोणी आणली, त्यांना कोण पोसतो, हा प्रश्न त्या खेळात उद्भवतच नाही. युद्धाचे जे खेळ माणसाने पिढ्यानपिढ्या खेळले, त्यांपैकी बहुतेकांत ही सवलत गृहीत धरलेली आहे. सेनापतीच्या बुद्धीची परीक्षा त्यांत होते. खजिनदाराच्या बुद्धीची परीक्षा मात्र होत नाही.

गेल्या काही दशकांत संगणकाच्या पडद्यावर जे राज्यविस्ताराचे खेळ आले, त्यांनी ही सवलत काढून घेतली. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध खेळ म्हणजे ‘सिव्हिलायझेशन’. अमेरिकेतील मायक्रोप्रोज या संस्थेने तो इ. स. १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. सिड मायर व ब्रूस शेली हे त्याचे रचनाकार. त्यापूर्वी इ. स. १९८० मध्ये फ्रान्सिस ट्रेशम या इंग्रज रचनाकाराचा याच नावाचा एक पटावरचा खेळ निघाला होता. त्यातही नगर वसविले की त्याच्या पाठीशी माणसांच्या किमान दोन सोंगट्या पटावर असाव्या लागत, नाहीतर ते नगर टिकत नसे. वैभव पोसावे लागते, ही कल्पना तेव्हापासून या खेळांच्या मुळाशी आहे. मायर यांच्या खेळाचे पुढे अनेक अवतार झाले आणि जगभर लक्षावधी लोकांनी ते खेळले. वरवर पाहता हा खेळ लढायांचा आहे. परंतु जो तो चिकाटीने खेळतो, त्याला लवकरच कळून चुकते की पराभवाचे बीज बहुधा रणांगणावर नसते. ते जमाखर्चाच्या पानावर असते.

खेळाची मांडणी थोडक्यात अशी. ख्रिस्तपूर्व ४००० या वर्षी एक वसाहतकरी तुकडी अज्ञात भूमीवर उभी असते. तिने नगर वसवावयाचे. नगराच्या भोवतालच्या जमिनीवर नागरिक राबतात आणि त्या श्रमातून तीन गोष्टी निर्माण होतात: धान्य, कारागिरीचे बळ आणि व्यापार. पहिल्या खेळात धान्याची खूण गव्हाची, कारागिरीची ढालीची आणि व्यापाराची बाणाची होती. धान्याने लोक जगतात व लोकवस्ती वाढते. ढालींनी इमारती व फौजेच्या तुकड्या तयार होतात. व्यापाराचे तीन वाटे करावयाचे असतात: एक खजिन्यात, दुसरा विद्येकडे आणि तिसरा लोकांच्या सुखसोयींकडे. या वाट्यांचे प्रमाण ठरविणे खेळाडूच्या हाती असते. प्रत्येकाने आळीपाळीने आपली फेरी खेळावयाची. फेरी संपली की वर्षे पुढे सरकतात, जमा जमेच्या बाजूला पडते आणि खर्च वजा होतो. दर फेरीला होणारी ही वजावटच या खेळाचा खरा आत्मा आहे.

नवखा खेळाडू चुकतो तो येथेच. फौजेची तुकडी तयार करताना तिची किंमत त्याला दिसते, कारण ती ठळक आकड्यांत समोर येते. तुकडी पोसण्याचा खर्च मात्र त्याच्या ध्यानात येत नाही, कारण तो थोडा थोडा आणि मुकाट्याने वजा होत राहतो. शेतकऱ्याला हा भेद शिकवावा लागत नाही. बैलाची किंमत बाजारात एकदाच मोजावी लागते, पण कडबा रोज लागतो, आणि ज्या दिवशी औत जुंपलेले नसते त्या दिवशीही लागतो. स्वस्तात मिळाला म्हणून तिसरा बैल दावणीला बांधणारा शेतकरी कोठेही शहाणा ठरत नाही. पडद्यावरील राज्यात मात्र मोठमोठी शहाणी माणसे हीच चूक करतात.

एक उदाहरण घेऊन हा हिशेब पाहणे सोयीचे होईल. इ. स. १९९१ च्या खेळात प्रत्येक तुकडी एखाद्या नगराच्या नावावर असते व तिचा बोजा त्या नगराच्या कारागिरीवर पडतो. आरंभीच्या एकतंत्री राजवटीत नगराची जेवढी लोकसंख्या, तेवढ्या तुकड्या विनाखर्च पोसल्या जातात. लोकसंख्येचा आकडा ४ असेल तर चार तुकड्या फुकट, पाचवीला मात्र दर फेरीला एक ढाल द्यावी लागते. आता समजा, अशा नगरातून दर फेरीला सहा ढाली निघतात आणि त्याच्या नावावर चार तुकड्या आहेत. सहाच्या सहा ढाली बांधकामास मोकळ्या राहतात. मंदिराची किंमत ४० ढाली, म्हणजे ते सात फेऱ्यांत उभे राहते. पुढे खेळाडू प्रगतीच्या इच्छेने राजेशाही स्वीकारतो. राजेशाहीत फुकट तुकडी नाही, प्रत्येक तुकडीमागे एक ढाल. क्षणात चार ढाली फौजेकडे जातात व दोन उरतात. तेच मंदिर उभारावयास आता वीस फेऱ्या लागतात. राजेशाहीत सुपीक जमिनीचे उत्पन्न वाढते हे खरे, आणि म्हणूनच ती स्वीकारावयाची असते. पण ती वाढ पदरात पडण्यापूर्वीच फौजेने आपला वाटा उचललेला असतो.

सात फेऱ्यांऐवजी वीस फेऱ्या, एवढ्याने हा तोटा संपत नाही. मंदिर लांबले म्हणून लोकांतील असंतोष टिकून राहिला. असंतोष टिकला म्हणून काही नागरिकांना शेतावरून काढून करमणुकीच्या कामास लावावे लागले. त्यामुळे धान्य घटले, वस्ती खुंटली आणि व्यापारही खुंटला. ग्रंथालयाची पाळी उशिरा आली, विद्या मागे पडली. शंभर फेऱ्यांनंतर शेजारच्या राज्याचे सैनिक खांद्यावर बंदुका टाकून सीमेवर येतात, तेव्हा या राज्याच्या वेशीवर त्याच जुन्या चार तुकड्या भाले घेऊन उभ्या असतात. ज्या फौजेने राज्याचे रक्षण करावयाचे, तिच्याच अकाली भाराने राज्य दुबळे झालेले असते. सावकाराच्या व्याजाप्रमाणे हा खर्च चक्रवाढीने फिरतो. म्हणून डावाच्या आरंभीची एक अनावश्यक तुकडी शेवटच्या टप्प्यातील दहा तुकड्यांहून महाग पडते.

राजवट जसजशी लोकाभिमुख होते तसतसे फौजेचे मोल वेगळ्याच नाण्यात द्यावे लागते, हाही या खेळातील एक मार्मिक विचार आहे. प्रजासत्ताकात व लोकशाहीत व्यापार भरभराटीस येतो. जेथे एक बाण निघत होता तेथे दोन निघतात. परंतु नगराबाहेर मोहिमेवर गेलेली प्रत्येक तुकडी आपल्या नगरात असंतोष निर्माण करते. प्रजासत्ताकात अशा तुकडीमागे एक नागरिक नाराज होतो, लोकशाहीत दोन. नाराजांची संख्या संतुष्टांहून अधिक झाली की नगरात दंगल उसळते व तेथील कामकाज थांबते. लोकशाहीत एखाद्या नगरातील दंगल वेळीच शमली नाही, तर राजवटच कोसळून अराजक माजते. याच्या उलट, एकतंत्री राजवटीत किंवा राजेशाहीत नगरातच ठेवलेली फौज काही असंतुष्टांना धाकात ठेवते. तेथे तुकडी ढाल खाते, पण शांतता राखून तिची थोडीफार परतफेडही करते. म्हणजे फौजेचा खर्च कोणत्याही राजवटीत चुकत नाही. तो कोठे ढालींत, कोठे नाण्यांत, तर कोठे लोकांच्या समाधानात मोजावा लागतो. कोणते चलन आपल्या राज्यात विपुल आहे हे ओळखून राजवट निवडणारा खेळाडू पुढे जातो.

तुकडी एखाद्या नगराच्या उत्पन्नावर लावून देण्याची ही पद्धत मराठी वाचकाला परकी वाटू नये. सरंजामाची पद्धत याच धाटणीची होती. महादजी शिंदे यांनी डी बॉयन या सेनानीकडून ज्या कवायती पलटणी तयार करविल्या, त्यांच्या खर्चासाठी अंतर्वेदीतील मुलूख लावून दिला होता आणि अलीगड हे त्या फौजेचे ठाणे बनले होते. या व्यवस्थेचा गुण असा की फौजेचा पगार वेळेवर होई आणि त्यामुळे तिची शिस्त टिके. तिचा धोका असा की फौजेचे पोट एका विशिष्ट भूमीशी बांधले गेले. इ. स. १८०३ च्या सप्टेंबरात इंग्रज सेनापती लेक याने अलीगड घेतले आणि त्या पलटणींचा आर्थिक आधारच तुटला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लासवारीच्या रणात त्या शौर्याने लढल्या, परंतु पराभूत झाल्या. पडद्यावरील खेळातही हाच नियम आहे. एखादे नगर शत्रूने जिंकले की त्या नगराच्या नावावरील तुकड्या कितीही दूर विजयी मोहिमेवर असल्या तरी नाहीशा होतात. यास्तव जाणते खेळाडू आपल्या उत्तम तुकड्या सीमेवरील नगरांच्या नावावर ठेवीत नाहीत. राज्याच्या आतील, डोंगरांनी व खाणींनी समृद्ध अशा सुरक्षित नगरात त्यांना नेऊन त्या नगराच्या नावावर लावतात. त्यासाठी एका आज्ञेपलीकडे काही खर्च नाही, आणि तरीही नवखे लोक ती आज्ञा विसरतात.

इ. स. २००१ मध्ये या खेळाचा तिसरा अवतार आला. त्यात सरंजामाची ही पद्धत सोडून मध्यवर्ती खजिन्यातून रोख पगाराची पद्धत स्वीकारली गेली. राज्यातील प्रत्येक वस्तीमागे काही तुकड्या फुकट आणि त्यापुढील प्रत्येक तुकडीस दर फेरीला सोन्याचे नाणे, असा हा हिशेब आहे. त्याच्या मूळ रूपात राजेशाहीसाठी सहापर्यंत लोकसंख्येच्या लहान गावामागे २, बारापर्यंतच्या शहरामागे ४ व त्याहून मोठ्या महानगरामागे ८ तुकड्या फुकट धरल्या आहेत. प्रजासत्ताकात फुकट तुकडी एकही नाही. समजा, एका राज्यात आठ गावे व दोन शहरे आहेत. राजेशाहीत १६ आणि ८ मिळून २४ तुकड्या विनाखर्च राहतील. राज्याजवळ एकूण ३४ तुकड्या असतील तर दर फेरीला १० नाणी द्यावी लागतील. राजवट बदलून प्रजासत्ताक आणले की हाच खर्च ३४ नाण्यांवर जातो. दहाही वस्त्यांत मिळून व्यापार पिकविणाऱ्या चाळीस जागांवर नागरिक राबत असतील, तर प्रत्येक जागेमागे एकेक धरून व्यापारात चाळिसाची भर पडेल, आणि भ्रष्टाचारात जे गळेल ते त्यातून वजा होईल. फौजेचा वाढीव खर्च चोवीस. ज्या लाभासाठी अराजकाच्या काही फेऱ्या सोसून राजवट बदलली, त्या लाभाचा अर्ध्याहून अधिक भाग अशा रीतीने फौजेच्या पोटात जातो.

या चौतीस तुकड्यांत केवळ लढवय्येच नसतात, हेही ध्यानात घेतले पाहिजे. रस्ते व कालवे करणाऱ्या मजुरांच्या तुकड्याही त्याच हिशेबात धरल्या जातात. म्हणून राजवट बदलण्यापूर्वी एकदा सगळ्या राज्याची हजेरी घ्यावी. आतील गावात, जेथे शत्रू शंभर फेऱ्यांत फिरकला नाही तेथे, दोन दोन पहारे कशासाठी उभे आहेत? ज्यांची शस्त्रे कालबाह्य झाली त्या तुकड्या कोणत्या आशेवर ठेवल्या आहेत? किनाऱ्यावर नांगरून पडलेली गलबते शेवटची केव्हा हलली? अशी चौदा नावे कमी केली तर चोवीस नाण्यांचा वाढीव बोजा दहावर येतो आणि राजवटबदल खऱ्या अर्थाने लाभाचा होतो. हिशेब साधाच आहे, परंतु तो क्रांतीच्या आधी केला तर उपयोगी पडतो. नंतर केला तर तो पश्चात्तापाचा हिशेब होतो.

हिशेब चुकला आणि खजिना रिता झाला, तर खेळ फार शांतपणे शिक्षा करतो. एखादी इमारत विकली जाते किंवा एखादी तुकडी बरखास्त होते. एका ओळीचा निरोप पडद्यावर झळकतो आणि डाव पुढे चालू राहतो. प्रत्यक्ष इतिहासात पगार थकलेली फौज इतक्या शांतपणे कधीच गेली नाही. बडोद्याच्या इतिहासात याचे बोलके उदाहरण आहे. गोविंदराव गायकवाड यांच्या मृत्यूनंतर अठराव्या शतकाच्या अखेरीस राज्याची आर्थिक घडी पार विस्कटलेली होती आणि अरब शिबंदीचा मोठा पगार तुंबला होता. थकबाकी मिळाल्यावाचून ती शिबंदी हालेना, राजधानीच तिच्या कबजात राहिली. अखेर इ. स. १८०२ च्या डिसेंबरात इंग्रज फौजेने वेढा घालून तिला शरण आणले. थकबाकी चुकविण्यासाठी कर्ज उभारावे लागले, व त्या कर्जाला कंपनीची हमी, म्हणजेच बहांदारी, घ्यावी लागली. पुढे इ. स. १८०५ च्या तहाने तैनाती फौजेच्या खर्चासाठी मुलूखही तोडून द्यावा लागला. एका फौजेचा पगार देता आला नाही म्हणून दुसरी फौज पदरात घ्यावी लागली आणि तिच्याबरोबर स्वातंत्र्याचा मोठा भाग गेला. खेळातील एका ओळीच्या निरोपामागे केवढा अनर्थ दडलेला असू शकतो, याची कल्पना यावरून येईल.

इ. स. २००५ च्या चौथ्या अवतारात सोरेन जॉन्सन या रचनाकाराने हा विचार आणखी पुढे नेला. त्याआधीच्या खेळांत जितकी नगरे अधिक तितके राज्य बलवान, असा सरळ हिशेब बहुधा चाले. या अवतारात प्रत्येक नगराचा स्वतःचा कारभारखर्च आला. नगर राजधानीपासून जितके दूर तितका तो खर्च अधिक, आणि राज्यातील नगरांची संख्या वाढेल तसा तो सर्वच नगरांचा वाढतो. आपल्या सीमेबाहेर मोहिमेवर असलेल्या तुकड्यांना पुरवठ्याचा वेगळा खर्च पडतो. परिणामी असे दृश्य दिसते की विजयी खेळाडू एकामागून एक नगरे घेत सुटतो आणि त्याच वेळी त्याचा खजिना ओसरत जातो. खजिना राखण्यासाठी तो विद्येचा वाटा कमी करतो, पुन्हा कमी करतो, आणि अर्धे खंड जिंकल्यावर पाहतो तो त्याच्या पाठशाळा ओस पडलेल्या असतात. नव्याने जिंकलेले नगर उपाशी व अशांत असते. त्याचे उत्पन्न यावयास वेळ लागतो, पण खर्च पहिल्याच फेरीपासून सुरू होतो. जिंकणे आणि पचविणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हा धडा या अवताराने जितक्या कठोरपणे दिला तितका दुसऱ्या कोणी क्वचितच दिला असेल.

यावरील उपायही खेळातच आहेत. न्यायालय बांधले की नगराचा कारभारखर्च निम्मा होतो. म्हणून दूरच्या नगरात पहिले बांधकाम बहुधा न्यायालयाचेच करावे. जे नगर राखता येत नाही आणि ज्याच्या भूमीत विशेष काही नाही, ते घेण्याचा मोह टाळावा. मोहीम आखताना लढाई जिंकण्यास किती तुकड्या लागतील एवढेच पाहू नये. जिंकलेल्या नगरांत मागे किती ठेवाव्या लागतील, त्या परत घरी येईपर्यंत किती फेऱ्या जातील आणि तोवर खजिना पुरेल काय, हेही मांडून पाहावे. मोहिमेपूर्वी काही फेऱ्या करांचा वाटा वाढवून गंगाजळी साठवावी. युद्ध सुरू करावयाचे तर ते फौज तयार होताच करावे. सज्ज फौज सीमेवर वीस फेऱ्या ताटकळत ठेवणे म्हणजे युद्ध न करता युद्धाचा खर्च सोसणे होय. तहानंतर उपयोग सरलेल्या तुकड्या ठेवण्यात अभिमान मानू नये.

पाचव्या अवतारात, इ. स. २०१० मध्ये, रस्त्यांवरही खर्च बसला. रस्त्याच्या प्रत्येक घरामागे दर फेरीला एक नाणे. आधीच्या खेळांत सगळ्या भूमीवर जाळे विणावे तसे रस्ते काढण्याची ज्यांना सवय होती, त्यांना हा नियम जाचक वाटला. परंतु यातही तथ्य आहे. रस्ता हा फौजेच्या खर्चातील बचतीचा मार्ग आहे. दोन नगरांना जोडणारा एक नेमका रस्ता असेल तर एकच फौज दोन्ही नगरांचे रक्षण करू शकते आणि दुसऱ्या फौजेचा खर्च वाचतो. ज्या रस्त्याने अशी बचत होत नाही किंवा व्यापार वाढत नाही, तो रस्ता म्हणजे दगडमातीची शिबंदीच. या अवतारात डाव पुढे सरकतो तसतसा तुकडीमागचा खर्चही वाढत जातो. खजिना रिता होऊन तूट चालूच राहिली तर ती विद्येच्या उत्पन्नातून वळती केली जाते. इ. स. २०१६ च्या सहाव्या अवतारात आरंभीचा साधा योद्धा फुकट राहतो आणि तिरंदाजाला एक नाणे पडते. पुढे शस्त्र जितके नवे व जबर तितका पगार चढत जातो. जुन्या तुकडीला नवे शस्त्र देताना एकरकमी खर्च दिसतो, परंतु त्याबरोबर तिची दर फेरीची भूकही वाढलेली असते, हे तेथे विसरून चालत नाही. सक्तीच्या भरतीचे धोरण स्वीकारले तर तुकडीमागे एक नाणे वाचते, पण धोरणाची ती जागा दुसऱ्या एखाद्या हिताच्या धोरणाला मिळत नाही. काटकसरीलाही किंमत असते.

येथवरच्या विवेचनावरून कोणी असा निष्कर्ष काढील की फौज ही केवळ उधळपट्टी आहे आणि शहाण्या राजाने ती ठेवूच नये. असा निष्कर्ष काढणाऱ्या खेळाडूंचीही एक जात आहे, आणि त्यांची राज्येही बुडतात. त्यांची नगरे देखणी असतात, ग्रंथालये भरलेली असतात आणि खजिन्यात सोने साचलेले असते. संगणकाच्या हातातील शेजारी राज्ये मात्र या राज्याच्या बळाकडे पाहत असतात. वेशीवर एकच पहारा दिसला की प्रथम खंडणीची मागणी येते. ती दिली की काही काळाने दुसरी येते आणि नाकारली की फौज येते. रानटी टोळ्या तर मागणीही करीत नाहीत. दहा तुकड्यांचा खर्च वाचविण्यासाठी ज्याने एक नगर गमावले, त्याने त्या नगराचे पुढील सर्व फेऱ्यांतील उत्पन्न गमावले. तो हिशेब मांडला तर वाचविलेला पगार त्यापुढे क्षुल्लक ठरतो. घोड्याने गवताशी मैत्री केली तर तो उपाशी मरतो, आणि राखण नसलेले कुरण दुसऱ्याचे घोडे चरून जातात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मग प्रमाण कोणते? या प्रश्नाचे एकच उत्तर सर्व डावांना लागू पडत नाही. बेटावरील राज्याला जितके पहारे पुरतात तितके तीन शत्रूंच्या मधोमध वसलेल्या राज्याला पुरत नाहीत. तरीही अनुभवी खेळाडूंच्या वागण्यात काही गोष्टी समान दिसतात. ते डोंगरावर व नद्यांच्या आड नगरे वसवितात, कारण भूमी जे रक्षण करते त्याला पगार लागत नाही. ते वेशीच्या तटबंदीला व रस्त्यांना प्राधान्य देतात आणि थोडी पण चपळ फौज मध्यभागी ठेवतात. सर्व दिशांना थोडी थोडी फौज विखरून ठेवण्यापेक्षा हे स्वस्त आणि परिणामकारक असते. धोका दिसला तर त्वरित तुकड्या उभारता याव्यात म्हणून ते गंगाजळी राखून ठेवतात. साठविलेले सोने ही अशी फौज आहे की जी गरज पडेपर्यंत काही खात नाही आणि गरज पडताच खरेदी करता येते. शेजाऱ्याशी सलोखा करावयास लागणारी भेट त्यांना कमीपणाची वाटत नाही, कारण सीमेवरील चार तुकड्यांच्या दहा फेऱ्यांच्या पगारापेक्षा ती पुष्कळदा कमी असते. आणि नवी तुकडी तयार करण्यापूर्वी ते स्वतःला एक प्रश्न विचारतात: ही तुकडी पुढील पन्नास फेऱ्या कोणते काम करणार आहे? उत्तर सुचले नाही तर तेथे धान्याचे कोठार किंवा बाजारपेठ उभी राहते.

कौटिल्याने राज्याची सात अंगे सांगितली आहेत: स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. या क्रमात दंड, म्हणजे फौज, सहावी येते. तिच्या आधी प्रजा व भूमी आहे, दुर्ग आहे आणि खजिना आहे. हा क्रम लावताना फौजेचे महत्त्व कमी लेखण्याचा हेतू नव्हता. जे अंग दुसऱ्या अंगावर जगते, ते त्याच्यानंतर सांगितले, इतकाच त्याचा अर्थ घेता येईल. दोन हजार वर्षांहून अधिक काळ उलटल्यानंतर दूर देशीच्या काही रचनाकारांनी खेळाचे नियम करावयास घेतले, तेव्हा तेही फिरून याच क्रमाशी आले.

आज हा खेळ खेळणारी बहुतेक मुले कौटिल्य वाचलेली नसतात, आणि फौजेच्या थकलेल्या पगारापायी राज्ये कशी गेली हेही त्यांना ठाऊक नसते. परंतु एखाद्या रात्री, विजयाच्या उंबरठ्यावर असताना, खजिना संपल्याचा निरोप पडद्यावर येतो आणि शंभर फेऱ्या कष्टून उभारलेले ग्रंथालय विकले जाते. त्या क्षणी जे शिक्षण होते ते पक्के असते. दुसऱ्या दिवशी नवा डाव मांडताना ते मूल प्रथम फौजेकडे पाहत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात दर फेरीची शिल्लक दाखविणारा एक लहानसा आकडा असतो, तिकडे पाहते. तो आकडा जमेचा असेल तोवरच बाकी सारे आपले आहे, एवढे त्याला कळलेले असते. घर चालविणाऱ्या माणसाला हे रोजच कळते. राज्य चालविणाऱ्यांना ते कळावयास मात्र कित्येकदा फार उशीर झालेला आहे.